शेळ्या कशाला घाबरल्या?

सोलापुरात मेंदूचे डॉक्टर आता रग्गड झाले. मी शिकत होते तेव्हा पाट्या मोजक्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात मळकी पाटी नागणसुरे सरांची. नावाखालच्या पदव्या उन्हानं उडून गेल्या होत्या. "सर, एकदा रंगवून घ्या की," असं कुणी सुचवलं की सर म्हणायचे, "ज्याला फिट आलीय त्यो पाटी वाचत बसतोय व्हय?" आणि विषय तिथंच मिटायचा.

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी, पेशंटांकडून उचललेलं तेलुगू आणि दवाखान्याशेजारच्या गॅरेजवाल्याकडून उचललेली दखनी, असा चार भाषांचा संसार. शिकवताना ते 'आहे' म्हणायचे, रंगात आले की 'हाय', आणि भडकले की थेट कानडी. "येन्री डॉक्टर?" असं कानावर आलं की आम्ही समजायचो, आज आपलं काही खरं नाही. 'काय हो डॉक्टर' एवढाच त्याचा अर्थ, पण सरांच्या तोंडून तो अस्सल शिवीसारखा लागायचा.

अंगानं आडवे, चालायला मात्र तुरुतुरु. शर्टाच्या खिशात पेनाला खेटून ट्यूनिंग फोर्क असायचा, म्हणजे हाडावर टेकवून कंप कळतो की नाही ते बघायचा पोलादी काटा. तो पेनावर आपटून किणकिणायचा, त्यामुळे सर जिना चढताहेत हे वॉर्डाला आधीच कळायचं आणि सिस्टर लोक चहाचे कप लपवायच्या. सरांना चहाचं काहीच वाटायचं नाही. उलट लपवलेला कप शोधून काढून ते स्वतः प्यायचे.

दर रविवारी सकाळी आमच्या हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये सरांची केस-बैठक भरायची. गावातले डॉक्टर आपल्याला न सुटलेल्या केसेस घेऊन यायचे. सुटलेल्या केसला मज्जाव होता. "कळलेली केस आणू नका. ती कौतुक करून घ्यायला आणत्यात. आपल्याला घरी कौतुक करणारी माणसं हायत," असं सर सांगायचे. नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. औषध कंपन्यांनी सँडविच पाठवली तर ती खाली वॉचमनकडे जायची, आणि वॉचमन ती गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचा. त्यालाही भाकरीच हवी असायची.

या बैठकीचा एक नियम होता. केस सांगताना पहिलं वाक्य पेशंटचं हवं. पेशंटच्या तोंडचं, जसंच्या तसं.

हा नियम मला ठाऊक नव्हता तेव्हाची गोष्ट. मी माळशिरसहून नवी नवी आले होते आणि इंग्रजीचा फार सोस होता. पहिल्याच रविवारी छाती काढून उभी राहिले आणि सुरू केलं, की यंत्रमागावर काम करणारा चाळिशीचा पुरुष, दोन्ही पायांत बधिरपणा.

"हे तो म्हणाला?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तो म्हणाला, पाय माझे न्हाईत असं वाटतंय."

"मग ते सांग की! बधिरपणा तुझा शब्द आहे. तो पुस्तकातपण आहे. त्याचा शब्द फक्त त्याच्याकडंच मिळतो." मग ते उठलेच. सगळी वरात वॉर्डात. सरांनी त्या माणसाला तपासण्याऐवजी आधी खाटेखाली वाकून बघितलं, आणि विचारलं, "दुसरी चप्पल कुठाय?"

खाटेखाली एकच चप्पल होती. दुसरी व्हरांड्याच्या पार त्या टोकाला सापडली. गडी संडासला जाऊन आला होता, वाटेत चप्पल पायातून गळून पडली होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. ज्याच्या पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, त्याच्या पायांचे निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाहीयेत. एका जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर तो माणूस पुन्हा मागावर उभा राहिला. मला मात्र सरांनी त्या दिवसापासून नाव दिलं, 'माळशिरस'. लग्न झालं, स्वतःचा दवाखाना झाला, पोरं झाली, तरी मी सरांसाठी माळशिरसच राहिले.

तर असे हे फालतू प्रश्न. सर स्वतःच त्यांना फालतू म्हणायचे. "कामाचे प्रश्न सगळेच विचारत्यात. फालतू प्रश्न विचारायला डॉक्टर लागतो." आता दर फालतू प्रश्नातून निदान निघायचं असं समजू नका. मंद्रूपच्या एका बाईंना सरांनी भर गर्दीत, बाहेर बाकडी भरलेली असताना, त्या कारळ्याची चटणी कशी करतात हे इतक्या बारकाईनं विचारलं, की बाहेरचे लोक उठून दारात उभे राहिले. बाई गेल्यावर मी विचारलं, "सर, काय निघालं?"

"चटणी निघाली की," सर म्हणाले. "लसूण कच्चा घालत्यात. आपण उगं भाजून घेत होतो."

कित्येक वर्षांनी अशाच एका बैठकीत यंत्र आलं. ते आणलं चिन्मयनं. चिन्मय पुण्याहून आलेला शिकाऊ डॉक्टर, पोरगा हुशार, नम्र, आणि हाताला बांधलेल्या घड्याळापासून बुटापर्यंत सगळं फोनला जोडलेलं. त्याच्या फोनमधली ती कृत्रिम बुद्धिमत्ता पेशंट बोलत असताना ऐकायची, बोललेलं मराठीत उतरवून घ्यायची, त्याचा इंग्रजी गोषवारा काढायची आणि वर कोणकोणते आजार असू शकतील ते क्रमानं मांडून द्यायची. हॉलमधल्या जुन्या मंडळींची तोंडं कडू झाली. एक जण म्हणाले, आता आपण भाकरी तेवढी खायची, बाकी सगळं हे बघेल.

सरांना मात्र यंत्र बेहद्द आवडलं. लहान मुलाला खेळणं मिळावं तसे ते त्याच्याशी खेळत बसले. आपल्या तरुणपणच्या जुन्या केसेस आठवून आठवून त्याला घालायला लागले. जी केस सोडवताना सरांनी मुंबईपर्यंत पत्रव्यवहार केला होता, ती यंत्रानं चहा निवायच्या आत सोडवली. सरांनी मांडीवर थाप मारली. "आयला, पाव्हणं हुशार हाय की!"

तेव्हापासून यंत्राचं नाव 'पाव्हणं'. आमच्याकडे अनोळखी माणसालाही पाव्हणं म्हणतात, त्यामुळे त्यात मानही होता आणि थोडं अंतरही. आणि पाव्हण्यासाठी लगेच नियमही झाला. पाव्हण्याला शेवटी विचारायचं. आधी घरच्या सगळ्यांनी आपापलं मत सांगायचं, चुकायचं, भांडायचं, आणि मग पाव्हण्याचं ऐकायचं. चिन्मयनं विचारलं, "सर, उत्तर तयार आहे तर थांबायचं कशाला?"

"पाव्हणं आधी बोललं की घरची माणसं गप बसतात," सर म्हणाले. "तुमच्या पुण्यात बसत नसतील. हितं बसत्यात."

आणि नेमका हा नियम एकदाच मोडला. मोडला तोही सरांनीच.

त्या रविवारी सरांना हुबळीला जायचं होतं. मुलीला मुलगी झालेली, नातीचं बारसं. स्टेशनवर न्यायला रिक्षा खाली उभी, सर नवा कोट घालून हॉलमध्ये एका पायावर उभे. चिन्मयची केस होती मायाप्पाची. सांगोल्याच्या बाजूचा धनगर, शेळ्या-मेंढ्या राखणारा, पन्नाशीचा. बरेच महिने ताप येतो-जातो, संध्याकाळी घामानं भिजतो, कंबर धरलेली, अंग वाळलेलं, आणि आता डोकेदुखी, चालताना झोकांड्या, कानात सारखा आवाज. पाठीतलं पाणी काढून तपासलं होतं, त्यात मेंदूच्या आवरणाला सूज असल्याचं दिसत होतं. चिन्मयनं नियमाप्रमाणे पहिलं वाक्य पडद्यावर लावलं होतं, मायाप्पाच्या बायकोच्या तोंडचं. "ताप हाय, कंबर धरलीया, तिकडं शेळ्या घाबरल्या, सगळं एकदम आलं."

"पाव्हणं काय म्हणतंय?" सरांनी घड्याळ बघत विचारलं. पहिल्यांदाच, सगळ्यांच्या आधी.

पाव्हणं म्हणालं, मेंदूच्या आवरणाचा क्षय. शिवाय जनावरांवर जंगली प्राण्याचा हल्ला झाल्यासारखं दिसतं, त्यातून मानसिक ताण, ताणानं प्रतिकारशक्ती कमी. इतकं चपखल बसलं की हॉलमध्ये माना डोलल्या. आमच्याकडे क्षयरोग काही नवलाचा नाही, आणि पाठीतलं पाणीही तसंच दिसत होतं. सर म्हणाले, "करा सुरू," आणि कोट सावरत जिना उतरले. घरची माणसं गप बसली. त्यात मीही होते.

पुढच्या रविवारी मायाप्पा पुन्हा पडद्यावर. क्षयाची औषधं चालू होती, ताप तसाच होता, पाय लुळे पडत चालले होते आणि डावा कान ठार बंद झाला होता. उजव्यानंही कमी ऐकू येत होतं. चिन्मयचा चेहरा उतरलेला. त्यानं सांगितलं, की मायाप्पा पायांचं काही बोलतच नाही. एकच म्हणतो, "पाय ऱ्हाऊ द्या, माजं कान तेवडं वाचवा. मेंढरं डोळ्यानं राखत न्हाईत, कानानं राखत्यात. कान गेलं तर मी रानात जाऊन करू काय?"

सरांनी पडद्यावरचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. मग विचारलं, "शेळ्या कशाला घाबरल्या?"

"अं... लांडगा असेल, सर."

"असेल म्हणजे? विचारलंस?"

"सर, ते या केसशी संबंधित वाटलं नाही." चिन्मय जरा ओशाळला. "म्हणजे, फालतू..." आणि जीभ चावून थांबला.

"येन्री डॉक्टर!" सर उठले. मागोमाग आम्ही सगळे.

मायाप्पा भिंतीला टेकून बसला होता. उशाशी त्याची बायको सुंदराबाई, हिरव्या लुगड्यातली, तोंडाची पट्टी जराही न थांबणारी. सर खाटेवरच बसले आणि त्याच्या उजव्या कानाशी ओरडले, "मायाप्पा, शेळ्या कशाला घाबरल्या? लांडगा आला व्हता?"

मायाप्पाला ऐकू गेलं नाही. सुंदराबाईला गेलं, आणि ती सरांवरच उखडली. "घाबरत्यात कशाला? लांडगाबिंडगा काय न्हाय. गाभडल्या म्हनलं मी, गाभडल्या! निम्म्या शेळ्या गाभडल्या औंदा. ह्येंनीच मेलेली पिल्लं हातानं वढून काढली, वार बी ह्येंनीच काढली. मी त्या पोराला समदं सांगिटलं की!"

गाभण शेळीचं पिल्लू दिवस भरायच्या आत पडलं की ती गाभडली म्हणतात. एकामागोमाग एक शेळ्या गाभडायला लागल्या, की कळपात एक जंतू शिरलाय असा संशय घ्यायचा असतो. आणि ती पिल्लं, ती वार म्हणजे गर्भाची नाळ-पिशवी, उघड्या हातांनी ओढणाऱ्या माणसाच्या अंगात तोच जंतू शिरतो. महिनोन्महिने ताप आणतो, कंबर धरतो, आणि क्वचित मेंदूपर्यंत जाऊन कान खातो.

"आणि दूध?" सरांनी हळूच विचारलं.

"धारोष्णच पित्यात. तापवलेलं ग्वाड लागत न्हाय त्यास्नी."

कच्च्या दुधातूनही तोच जंतू येतो. सर माझ्याकडे वळले. "माळशिरस, तुला कळतो हा शब्द?"

"कळतो सर." आमच्या घरी शेळ्या होत्या. तो शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. पण इथं तो कुणीच ऐकला नव्हता, सगळ्यांनी पडद्यावरचं वाचलं होतं.

चिन्मयनं खिशातून फोन काढला. बिचाऱ्याला खरंच समजून घ्यायचं होतं. तो सुंदराबाईला म्हणाला, "मावशी, परत एकदा म्हणा." ती म्हणाली, "गाभडल्या." फोननं लिहिलं, घाबरल्या. ती ठणकावून म्हणाली, "गा-भ-ड-ल्या!" फोननं पुन्हा लिहिलं, घाबरल्या, आणि पुढे उद्गारचिन्ह टाकलं. तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले आणि फोननं लिहिलं, खूप घाबरल्या. वॉर्डात हशा पिकला. सुंदराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. "ह्येला शेळीचं काय म्हाईतच न्हाय," ती म्हणाली.

शेवटी चिन्मयनं तो शब्द बोटांनी लिहिला, अर्थासकट. आणि पाव्हण्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत शेळ्यांकडून माणसाला येणारा तो ताप पहिल्या क्रमांकावर आणून ठेवला, कोणती तपासणी करायची तेही सांगितलं. आमच्यातले एक जुने डॉक्टर लगेच म्हणाले, "बघा, म्हणून मी म्हणत होतो, हे यंत्र..."

"पाव्हण्याला नावं ठेवू नका," सर मध्येच म्हणाले. "ताटात पडलं ते त्यानं खाल्लं. वाढपी आपण."

तपासणीत तेच निघालं. औषधं बदलली. ती खूप महिने घ्यायची असतात. ताप आठवड्याभरात उतरला, पायांत हळूहळू जोर आला, उजवा कान वाचला. डावा आला नाही.

डावा परत येणार नाही हे नक्की झालं, त्या रविवारी सरांनी भाकरीला हात लावला नाही. चिन्मय 'येन्री डॉक्टर'ची वाट बघत दाराशी उभा होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, डावा कान तसाही गेलाच असता. कोण सांगणार?"

"जाईल, न जाईल," सर म्हणाले. "पण तो आठवडा माझा होता. नात काय बारशातून पळून जाणार होती?"

सरांना मी रागावलेलं हजारदा पाहिलं, स्वतःवर रागावलेलं तेवढं एकदाच. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि फार प्रेमही.

त्यानंतर पुढच्या वर्षी सरांनी दवाखाना बंद केला. गुडघे बोलायला लागले होते, मुलगी हुबळीला बोलवत होती. शेवटच्या रविवारच्या बैठकीला हॉल गच्च भरला. हार, शाल, श्रीफळ असलं काही आणाल तर परत पाठवीन, असा दम आधीच मिळाला होता. सरांनी फक्त एक केस ठेवली होती, आणि ती त्यांनी स्वतः सांगितली. मायाप्पाला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. तो पुढच्या खुर्चीत, फेटा बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. अंग भरलं होतं. शेजारी सुंदराबाई. तिनं येताना सरांसाठी दूध आणलं होतं आणि पिशवीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, "तापवलेलं हाय, तापवलेलं हाय."

सरांनी सगळं मराठीत सांगितलं. म्हणजे मायाप्पाला समजेल असं. सांगता सांगता तो हुबळीचा रविवार आला, तेव्हा ते थांबले, मायाप्पाच्या खुर्चीशी गेले आणि वाकून म्हणाले, "डावा कान माझ्यामुळं गेला असंल."

आता आमच्याकडची रीत अशी, की इथं समोरच्यानं म्हणायचं, तुम्ही देवमाणूस, तुम्ही जीव वाचवला. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. मायाप्पानं थोडा विचार केला.

"असंल की," तो म्हणाला.

सर तसेच वाकून उभे होते.

"एका कानानं आयकू येतंय," मायाप्पा पुढे म्हणाला, "पर आवाज कुटनं आला त्ये कळंना झालंय. मेंढरू वरडलं तर ह्या अंगाला का त्या अंगाला, काय समजंना. मग कुत्र्याकडं बगतो. कुत्रं कान टवकारून जिकडं बगतंय, तिकडं जातो." आणि मग सरांचा पडलेला चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "लई ग्वाड कुत्रं हाय सायेब. बगायला या एकदा."

"येतो," सर म्हणाले. तेवढंच.

बैठक संपली. लोक सरांभोवती फोटो काढायला गोळा झाले, पण सर मायाप्पाला एस.टी. स्टँडच्या रिक्षात बसवून देतो म्हणून निघाले. सुंदराबाई पिशवी सांभाळत पुढे. मी वरच्या खिडकीतून बघत होते. सर मायाप्पाच्या डाव्या बाजूनं चालत होते, हातवारे करत काहीतरी सांगत होते. मायाप्पा समोर बघत चालला होता. चार पावलांवर सर बोलता बोलता थांबले. त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.